घरचं दप्तर लावताना

माहूर तालुक्यात जून महिना एकदम अंगावर येतो. सात-आठ तारखेला मृग निघतो आणि सोयाबीन-कपाशीच्या बियाण्यासाठी धावपळ सुरू होते. पीककर्जासाठी बँक किंवा सोसायटी सातबारा आणि आठ-अ मागते. त्याच पंधरवड्यात दहावी-बारावी झालेल्या पोरांचे प्रवेश निघतात आणि उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचं प्रमाणपत्र यांसाठी सेतू केंद्रापुढे रांग लागते. घरात एकच शोधाशोध चालू असते. एक कागद खुंटीवरच्या पिशवीत सापडतो, एक पासबुकात दुमडलेला, एक मामाच्या घरी राहिलेला. जातीच्या प्रमाणपत्रावर सही उपविभागीय अधिकाऱ्यांची लागते आणि त्यांचं कार्यालय किनवटला, पन्नासेक किलोमीटरवर. जिल्ह्याचं ठिकाण नांदेड, तिथं जायचं तर सव्वाशे किलोमीटर. एक झेरॉक्स घरी विसरली की एक रोज बुडतो आणि एसटीचं भाडं दोनदा पडतं.

अशा वेळी घरातली मोठी माणसं म्हणतात, अमक्याला शिस्तच नाही. शिस्त हा जन्माचा स्वभाव आहे असं आपण धरून चालतो आणि तिथंच थांबतो. मला हे पटत नाही. ज्यांच्या घरी कागद मागितला की पाच मिनिटांत हातात येतो, ती माणसं फार वेगळी नसतात. त्यांनी तीन गोष्टी ठरवून टाकलेल्या असतात: वस्तूची जागा, कामाचा दिवस आणि लिहून ठेवायची वही. रोजच्या जगण्यात व्यवस्थित व्हायचं असेल तर सुरुवात घरच्या कागदांपासून करावी, कारण अव्यवस्थेचे पैसे सर्वांत आधी तिथंच मोजावे लागतात. कागद जागेवर आले की तीच सवय हळूहळू हत्यारांच्या कोपऱ्याला, औषधांच्या डब्याला आणि उधारीच्या हिशेबाला लागते.

पहिलं काम गोळा करण्याचं. यासाठी अवसेचा दिवस चांगला. आपल्याकडं अजूनही बऱ्याच गावांत अवसेला औत धरत नाहीत, त्यामुळे घरची माणसं घरी असतात. सतरंजी अंथरा आणि घरातला प्रत्येक कागद तिच्यावर आणा. कपाटातला, देवघराच्या फळीवरचा, गादीखालचा, मोटारसायकलच्या डिकीतला, तारेला टोचलेला, सगळा. या दिवशी फेकायचं काहीच नाही, फक्त बघायचं. पिवळे पडलेले, उर्दूत किंवा मोडीत लिहिलेले कागद निघाले तर ते वेगळ्या ताटात ठेवा. त्यांच्याबद्दल पुढं सविस्तर सांगतो.

आता लावणी. बहुतेक जण विषयाप्रमाणे लावतात: शाळेचे कागद एकीकडं, बँकेचे एकीकडं. माझ्या मते माणसाप्रमाणे लावावेत. खिडकीवर कोणी शाळेचे कागद मागत नाही, पोरीचे किंवा आईचे मागतात. म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाचं एक खाकी पाकीट करा आणि वर ठळक नाव लिहा. शेतीसाठी गट क्रमांकाप्रमाणे एक-एक पाकीट. घरासाठी एक: नमुना आठचा उतारा, घरपट्टी, लाइटबिल, रेशनकार्ड. गाडीसाठी एक.

प्रत्येक पाकिटातले कागद तीन प्रकारचे असतात आणि हा फरक कळला की निम्मी कटकट मिटते. काही कागद कायमचे: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, खरेदीखत, वनहक्काचा पट्टा. हे एकदाच काढावे लागतात आणि हरवले तर पुन्हा काढायला जीव मेटाकुटीला येतो. काही मुदतीचे: उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, नॉन-क्रिमिलेअरवर मुदत छापलेली असते, गाडीचा विमा, पीयूसी, लायसन यांच्याही तारखा असतात. आणि काही चालू कामाचे: दिलेल्या अर्जाची पोच, टोकन, भरलेल्या पैशांची पावती. कायमचे कागद प्लॅस्टिकच्या पारदर्शक कव्हरमध्ये, मुदतीचे पाकिटात सगळ्यांत वर, आणि चालू कामाचे एका वेगळ्या फाइलमध्ये, जी दाराजवळ हाताशी राहील.

पोचपावतीला लोक कागद मानतच नाहीत, आणि माझ्या लेखी तीच फार मोलाची आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ज्या दाखल्यासाठी मुदत ठरवून दिली आहे, त्या मुदतीत तो मिळाला नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलाला पहिला पुरावा लागतो तो अर्ज कोणत्या तारखेला दिला याचा. पोच नसेल तर तुमचा अर्ज कधी आला होता, की आलाच नव्हता, हे सांगायला तुमच्याकडं काहीच उरत नाही.

मग वही. दोनशे पानी साधी वही घ्या आणि पानावर पाच रकाने पाडा: कागदाचं नाव, कोणाचा, क्रमांक, मुदत, मूळ प्रत कुठं आहे. शेवटचा रकाना टाळू नका. मुलाचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा असतो, खरेदीखत कर्जापायी बँकेत असतं, आणि चार वर्षांनी घरात कोणालाच ते आठवत नाही. वहीच्या मागच्या पानांवर आणखी एक यादी करा: कोणत्या खात्याला, कोणाच्या आधारला, कोणत्या गॅस कनेक्शनला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे. पोरगा पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेला, आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. किंवा जुनं सिम रिचार्जअभावी बंद पडलं. अनुदान आलं तरी ते काढण्याची वाट तिथंच अडते. पासवर्ड आणि पिन मात्र या वहीत लिहायचे नाहीत.

वही भरताना एक गोष्ट नक्की नजरेस येईल. एकाच माणसाचं नाव सातबाऱ्यावर मारोती, आधारवर मारुती आणि बँकेत मारोतराव असतं. बाईचं नाव शाळेत माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं. एरवी हा फरक कोणाला बोचत नाही. पण अतिवृष्टीची मदत, पीकविमा, पीएम किसान यांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात, आणि यंत्रात दोन नावं जुळली नाहीत की ते पैसे अडतात. म्हणून नावांचा फरक दिसला की लाल शाईनं नोंदवा आणि दुरुस्तीचा क्रम आधी ठरवा. सरसकट सगळीकडं अर्ज करत सुटू नका. आधारमध्ये नाव फक्त दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. जन्माचा किंवा शाळेचा दाखला हा पाया धरा, आधार त्याच्याशी जुळवा, मग बँक, मग बाकीचं. सातबाऱ्यावर हस्तलिखितावरून संगणकावर घेताना चूक झाली असेल, तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्ती मागता येते. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल सोबत जोडावी लागते.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. आधी अधिवास प्रमाणपत्र मागितलं होतं. नंतर त्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांपैकी काहीही चालेल असं झालं. तरी कितीतरी बायकांचा शाळेचा दाखला माहेरच्या गावातच पडून होता. लग्न होऊन येणाऱ्या मुलीच्या सामानात तिची कागदांची फाइल असावी, भांड्यांच्या आधी. आईबापांनी हे मनावर घ्यावं.

आता ते ताटात काढून ठेवलेले जुने कागद. माहूर-किनवट भागासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. इथं गोंड, कोलाम, आंध, परधान आहेत, बंजारा तांडे आहेत, आणि शिक्षणात वा नोकरीत पुढं जाणाऱ्या पोराला जात वैधता प्रमाणपत्र लागतंच. त्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा विचारतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद किंवा महसुली कागद. आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कागद उर्दूत, साल फसली.

फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं आजूर, बहमन, खुर्दाद अशी फारसी असायची. कागदावर असा महिना आणि तेराशेच्या घरातला आकडा दिसला तर तो फेकू नका. दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात नव्हता, आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि माहूर त्या किनवट तालुक्यातच मोडत होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला तो तालुका तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. आदिलाबाद आज तेलंगणात आहे. आजोबांची नोंद नांदेडला सापडत नसेल तर ती अस्तित्वातच नाही असं समजून गप्प बसू नये. आदिलाबादकडंही विचारावं. ते कोणत्या शाळेत गेले, कोणत्या गावी जन्मले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून वहीत उतरवून घ्यावं. शाळेचं गाव आणि साधारण साल कळल्याशिवाय कोणत्याही दप्तरात हात घालता येत नाही.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांना कळली. आपल्या पेटीतला एखादा कागद काय आहे हे कळत नसेल, तर त्याचा स्वच्छ फोटो काढून जाणकाराला दाखवा, मूळ कागद हातोहात फिरवू नका.

हे जुने कागद जपायचे कसे? लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं शाई उडू शकते, कागद पुन्हा मोकळा करता येत नाही आणि त्यावर नवा शेरा-शिक्का घेता येत नाही. चिकटपट्टीही नको, ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरं खाते. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल काढा. घडी जिथं तुटत आली आहे तिथं कागद सपाट ठेवा, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये. लोखंडी पेटी मातीच्या भुईवर ठेवली की वाळवी आणि ओल दोन्ही लागतात, म्हणून ती विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर असावी. पैनगंगेच्या काठच्या गावांनी पेटी माळ्यावर ठेवावी. सप्टेंबर २०२५ च्या पुरांत मराठवाड्यात किती घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलं आहे, आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्यालाही कागदच लागतात. पेटीच्या आत सगळी पाकिटं मिळून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड घट्ट बांधलेली. पुरात पेटी उचलता आली नाही तरी पिशवी उचलता येते.

मोबाइलचा उपयोग आहे, पण फोटो काढला म्हणजे काम झालं असं नाही. शुभेच्छांच्या हजार फोटोंत सातबाऱ्याचा फोटो बुडून जातो. एक वेगळा फोल्डर करा, प्रत्येक फोटोला माणसाचं आणि कागदाचं नाव द्या, आणि तो संच घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर ठेवा. डिजिलॉकर सरकारी आहे आणि फुकट आहे. आधार, गुणपत्रिका, लायसन, गाडीचं आरसी त्यात येतं. सातबारा तर डिजिटल सहीचा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो आणि तो सगळीकडं चालतो. त्यामुळे सातबाऱ्याच्या जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे सांभाळायचं कारण नाही. फेरफार मात्र सांभाळा, कारण जमीन कोणाकडून, कशी, कधी आली ते तिथं लिहिलेलं असतं.

काही पावत्यांची शाई आपोआप उडते. एटीएमची चिठ्ठी, यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती, पेट्रोलची पावती: सहा महिन्यांत कोरी. महत्त्वाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. कृषी केंद्राचं बिल असं असेल तर जास्तच काळजी घ्या. बियाण्याच्या पिशवीला शिवलेलं लेबल, टॅग, बिल, रिकामी पिशवी आणि मूठभर बी, एवढं सगळं पीक घरी येईपर्यंत एका डब्यात ठेवावं, असं कृषी विभाग दर हंगामात सांगतो. पिशवी उघडताना टॅगची बाजू न फाडता खालून उघडा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात हजारो तक्रारी झाल्या. तक्रारीत लॉट नंबर लागतो आणि तो टॅगवर असतो. पिशवी शेताच्या बांधावर टाकून आलेल्या शेतकऱ्याचं म्हणणं खरं असूनही टिकत नाही.

कागद लागले, वही झाली. आता दिवस लावायचा. भिंतीवरच्या कालनिर्णयाचा उपयोग यासाठी होतो. १९७३ पासून ते घराघरांत आहे, आणि दुधाचा रतीब, सिलिंडरची तारीख त्यावर लिहायची सवय आपल्या बायकांना आहेच. त्याच चौकोनात कागदांच्या मुदती लिहा, पण मुदत संपते त्या दिवशी नव्हे, एक महिना आधी. उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये लागतो तर तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काढा. तेव्हा नवं आर्थिक वर्ष लागलेलं असतं आणि सेतूवर गर्दी नसते. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, शेतीचा हिशेब मिटतो, आणि चैत्र-वैशाखात उन्हामुळं दुपारी कोणी रानात नसतं. वर्षाचं कागदाचं मोठं काम तेव्हाच उरकावं. ज्यांची माहूरगडाच्या वाटेवर नारळ-प्रसादाची, तांबुलाची दुकानं आहेत, त्यांनी नवरात्र, दत्तजयंती आणि श्रावणातली परिक्रमा हे दिवस या कामासाठी धरूच नयेत. त्या दिवसांत कोणालाच वेळ नसतो. खरिपाची ई-पीक पाहणी पावसाळ्यातच करावी लागते. त्या वर्षीची शेवटची तारीख जाहीर झाली की लगेच चौकोनात लिहा, आणि शेवटच्या आठवड्यात सर्व्हर अडतो हे धरून आधीच करा.

मे महिन्याच्या शेवटी पासबुक भरून आणा आणि दोन आकडे शोधा: ४३६ आणि २०. हे पैसे प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे कापले जातात, १ जून ते ३१ मे असं त्यांचं वर्ष असतं, आणि दोन्हींत २ लाख रुपयांचं संरक्षण असतं; पहिल्यात कोणत्याही मृत्यूला, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला. खात्यात तेव्हा शिल्लक नसेल तर विमा तुटतो. उलट, पैसे कापले गेलेत आणि घरात कोणाला माहीतच नाही, असंही होतं. माणूस जातो आणि दावा करायचा राहतो. हे आकडे दिसले की वहीत लिहा, वारसाचं नाव लागलं आहे का ते बँकेत विचारा.

महिन्याच्या अवसेला अर्धा तास. एवढंच नियमित काम. त्या महिन्यात आलेले कागद पाकिटात, पूर्ण झालेल्या अर्जाची पोच चालू फाइलमधून काढून टाकायची, पुढच्या दोन महिन्यांच्या मुदती कालनिर्णयावर चढवायच्या. रोज आवरायचा संकल्प फार टिकत नाही. दिवस ठरलेला असेल आणि काम छोटं असेल तर ते टिकतं. पहिले दोन-तीन महिने कंटाळा येईल, तेव्हा काम आणखी छोटं करा, पण अवस चुकवू नका.

वही आणि पेटी एकाच माणसाच्या हाती असू नये. बहुतेक घरांत सगळं कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असतं, आणि तो अचानक गेला की बाईला कोणत्या बँकेत काय आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. त्याला सातबारा, वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा पुरावा लागतो. हे सगळं दुःखात असलेल्या बाईनं गोळा करायचं असतं. तिला पेटी आधीपासून माहीत असेल तर निदान निम्मे कागद त्याच दिवशी हाताशी असतात. म्हणून अवसेच्या अर्ध्या तासाला बायको शेजारी बसलेली असावी, थोरली मुलगी वही लिहीत असावी. वनहक्काचा पट्टा तर कायद्यानंच नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. त्याची जागा दोघांनाही माहीत असायलाच हवी.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर पैसे लागत नाहीत. जमिनीला वारसाची नोंद लावण्यासाठी तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवावं असं महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती द्यावी लागते, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण एक पिढी गेली की वारस वाढतात, कोणी मुंबईला असतं, कोणी देवाघरी, आणि सह्या मिळत नाहीत. तुमच्या सातबाऱ्यावर अजून गेलेल्या आजोबांचं किंवा वडिलांचं नाव असेल, तर पाकिटं आणि वही पुढच्या अवसेला करा. आधी वारसाचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.